दृक्‌श्राव्य साधने आणि शिकण्याची रीत : एका छात्राध्यापिकेचा अनुभव

प्रास्ताविक



शाळेत नवे साधन आले म्हणजे दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. काही जण त्या साधनालाच शिक्षक मानून स्वतः बाजूस सरतात. तर काही जण ते बिघडेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद करून ठेवतात. मी शिक्षणशास्त्र पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका असून गतवर्षी आंतरवासितेसाठी एका खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. तेथे जाताना मी पहिल्या प्रकारची होते, हे प्रारंभीच मान्य करणे बरे. आपण अनेक वर्षे वर्ग चालविला आहे. आपणांस काही शिकवावे असा माझा अधिकार नाही. परंतु नवशिक्याची चूक कधी कधी जाणत्यालाही उपयोगी पडते, या भरवशावर हा अनुभव आपणांपुढे ठेवीत आहे.

माझी स्वतःविषयीची समजूत

पदविकेच्या पहिल्या वर्षी आम्हांस एक प्रश्नावली भरावयास दिली होती. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीनुसार शिकणाऱ्यांचे चार वर्ग त्यात केलेले होते : पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि प्रत्यक्ष कृतीने शिकणारे. माझी गणना पाहून शिकणाऱ्यांत झाली. मला त्याचा आनंद वाटला. आपल्या मनाचे कुलूप कोणत्या किल्लीने उघडते हे जणू एका कागदावर लिहून मिळाले होते.

त्या दिवसापासून मी जाड पुस्तके बाजूस ठेवली. बालमानसशास्त्राचे पाठ भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून पाहू लागले. रंगीत शाईने सुबक आकृत्या काढून वही सजविली. पाहताना सर्व काही स्पष्ट वाटे. परंतु सत्रपरीक्षेत ‘अवधान म्हणजे काय, ते सोदाहरण लिहा’ हा प्रश्न पुढे आला, तेव्हा आकृतीचे रंग तेवढे आठवले; तिचा अर्थ काही केल्या आठवेना. त्या विषयात मी कशीबशी उत्तीर्ण झाले.

सुट्टीत घरी गेले असता आई भाकऱ्या थापीत होती. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे. ती सहज म्हणाली, “एवढं बघत बसतेस त्यात, तर काय बघितलंस ते मला सांग की.” मी सांगू लागले आणि दुसऱ्याच वाक्यास अडखळले. पुन्हा पाहून आले, पुन्हा सांगितले. तिने मध्येच “म्हणजे काय?” असे विचारले की माझे अज्ञान उघडे पडे. असा क्रम पंधरा दिवस चालला. पुढील परीक्षेत तोच विषय मला चांगला सुटला. आपण पाहणारे की ऐकणारे, याचा विचार मात्र तेव्हाही माझ्या मनात आला नाही. हे मुद्दाम अशासाठी नमूद करते की, स्वतः एका रीतीने शिकूनही पुढे मुलांना शिकविताना मी नेमकी उलट रीत धरली.

वर्गातील प्रयोग

आंतरवासितेच्या शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग एकत्र बसत. पट सव्वीस, त्यांपैकी चौथीची मुले चौदा. भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला मोठा दूरदर्शन संच होता आणि चार टॅब्लेट होते. पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्हावर टॅब्लेट धरताच ‘दीक्षा’वरील चित्रफीत सुरू होई. ते पाहून मला फार हुरूप आला.

पहिल्याच आठवड्यात मी चौथीच्या मुलांचे तीन गट पाडले. पाहून शिकणारी सहा, ऐकून शिकणारी तीन आणि हाताने शिकणारी पाच. हे गट मी दोन दिवसांच्या निरीक्षणावरून ठरविले होते. शांत बसून पडद्याकडे पाहणारी मुले पहिल्या गटात, गाणी म्हणणारी दुसऱ्या गटात, आणि चुळबुळ करणारी तिसऱ्या गटात. पहिल्या गटास चित्रफिती, दुसऱ्यास ध्वनिफिती आणि तिसऱ्यास चिंचोके, काड्या व खडे. मुलांनाही मी त्यांचे गट मोठ्या कौतुकाने सांगितले.

पाव, अर्धा, पाऊण हा घटक घेतला तेव्हा चित्रफीत मात्र सर्वांनाच दाखविली. पडद्यावर एक गोल पोळी येई, तिचे चार तुकडे होत, त्यांतील तीन रंगून निघत आणि ‘पाऊण’ असा गोड आवाज येई. मुले तल्लीन झाली. प्रत्येक प्रश्नास सर्वांनी एका सुरात उत्तर दिले. पाठ उत्तम झाला असे मी दैनंदिनीत लिहिले.

दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. मी पाटीवर विचारले, “बारा चिंचोक्यांचे पाऊण किती?” चौदांपैकी सहा मुलांचे उत्तर बरोबर आले. काहींनी पोळीचे सुंदर चित्र काढून त्याचे तीन भाग रंगविले. परंतु बारा चिंचोक्यांशी त्या चित्राचा संबंध त्यांना लावता आला नाही. त्यांनी पाऊण ‘पाहिले’ होते. पाऊण ‘केले’ नव्हते. एका सुरात आलेल्या उत्तरात कोणाचे उत्तर स्वतःचे आणि कोणाचे शेजाऱ्याचे, हे मला कळण्यास मार्गच नव्हता.

ज्या गोष्टीने मी विचारात पडले

या अपयशाहून मोठी गोष्ट पुढेच घडली. हाताने शिकणाऱ्या गटात एक मुलगा होता. त्याचे आईवडील ऊसतोडणीस जात; तो आजोबांकडे राही. त्याला जोडाक्षरे वाचता येत नसत. एके दिवशी मराठीच्या तासास मी त्यास उतारा वाचावयास सांगितले. तो जराही न संकोचता म्हणाला, “बाई, मी हाताने शिकणारा. मला वाचून येत नसतं. तुम्हीच म्हणालात ना?”

मी निरुत्तर झाले. त्याच आठवड्यात त्याचे आजोबा शाळेच्या दारात उभे राहिले. ते रागावलेले नव्हते, त्यांनी साधेपणाने विचारले, “बाई, आमचं पोरगं वाचायला कधी लागणार? घरी येऊन नुसते चिंचोके मोजतंय. त्याच्या बापाच्या हातात कोयता आला. ह्याच्या हातात पुस्तक यावं म्हणून त्याला मागं ठेवलाय.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या मुलास वाचनाची सर्वांत अधिक गरज होती, त्याच्याकडूनच मी पुस्तक काढून घेतले होते. आणि तेही त्याच्या हिताच्या नावाखाली. मी त्याला कमी लेखले नव्हते, उलट एक गोड नाव दिले होते. परंतु ‘मठ्ठ’ हे नाव जे करते, तेच या गोड नावानेही केले. त्याने मुलाच्या पुढील वाट बंद केली.

मुख्याध्यापकांस सर्व हकीगत सांगितली. त्यांनी मला दोष दिला नाही, फक्त विचारले, “तुम्ही सायकल कशी शिकलात?” मी म्हटले, “चालवून.” “आणि कवितेची चाल?” “ऐकून.” “जिल्ह्याचा नकाशा?” “पाहून.” “मग तुम्ही नक्की कोणत्या गटातल्या?” एवढे बोलून ते हजेरीपट घेऊन दुसऱ्या वर्गावर गेले. साधन कोणते हवे, हे शिकावयाच्या गोष्टीवरून ठरते. मुलाच्या कपाळावर चिकटविलेल्या चिठ्ठीवरून नव्हे, हे मला त्या तीन प्रश्नांनी शिकविले.

संशोधन काय सांगते?

पुढे या विषयावर जे वाचावयास मिळाले, त्याचा सारांश येथे देते. इंग्लंडमध्ये २००४ साली फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शैलींविषयीच्या निरनिराळ्या मांडण्या मोजल्या. त्या ७१ भरल्या. म्हणजे एकाच मुलास ७१ प्रकारच्या चिठ्ठ्या लावता येतील. अमेरिकेतील पॅशलर, मॅकडॅनिअल, रोहरर व ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या कल्पनेची कसून छाननी केली. कल्पना खरी असेल, तर पाहणाऱ्या मुलांपैकी अर्ध्यांस पाहून व अर्ध्यांस ऐकून शिकवावे, ऐकणाऱ्या मुलांचेही तसेच करावे. मग सर्वांची एकच परीक्षा घेतली असता प्रत्येकास आपापल्या रीतीनेच अधिक यावे, असा त्यांचा निकष होता. असा काटेकोर प्रयोग फार थोड्यांनी केलेला आढळला, आणि ज्यांनी केला त्यांपैकी अनेकांचे निष्कर्ष या कल्पनेच्या विरुद्ध होते. शैलीनुसार शिकविल्याने अधिक येते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

याचा अर्थ सर्व मुले सारखी असतात असा मात्र नव्हे. कोणाचे पूर्वज्ञान अधिक, कोणाची घरची भाषा निराळी, कोणास दूरचे दिसत नाही, कोणास कमी ऐकू येते. हे भेद खरे आहेत आणि त्यांची दखल शिक्षकाने घेतलीच पाहिजे. दृष्टिबाधित बालकास ब्रेल देणे हा शैलीचा प्रश्न नसून हक्काचा प्रश्न आहे. आवडही असते, कोणास चित्रे आवडतात, कोणास गाणी. परंतु आवडणे आणि येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

दुसरा प्रयोग मला माझ्या आईची आठवण करून देणारा वाटला. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांस लहान उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूस ठेवून जेवढा आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. परंतु आठवड्यानंतर चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांस शेकडा ४२ भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांस शेकडा ५६. माझ्या वर्गातही नेमके हेच घडले होते. चित्रफीत संपताच सर्वांस सर्व येत होते. रात्र उलटली आणि निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर चुकले.

साधनांचा इतिहास व त्यातील बोध

नव्या साधनावर अवास्तव भिस्त ठेवणारी मी काही पहिलीच नव्हे. १९१३ साली एडिसनसारख्या थोर संशोधकाने, शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि चलच्चित्रे त्यांची जागा घेतील, असे भाकीत केले होते. पुस्तके आजही आहेत. आपल्या देशात १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. पुण्यास १९८४ साली स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी कार्यक्रम तयार केले, ती संस्था २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी ‘दीक्षा’ सुरू झाली. साधने येतात आणि जातात; त्यांपुढे बसलेले मूल व त्याच्याशेजारी उभा असलेला शिक्षक मात्र कायम असतो.

साधनाचा योग्य उपयोग करणाऱ्यांची उदाहरणेही आपल्याकडे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस संकेतचिन्हांची जोड दिली, आणि २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या कार्यातील एक गोष्ट मला विशेष वाटते. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ध्यानी घेऊन त्यांनी पाठांचा मजकूर त्या भाषेत आणला. म्हणजे आधी मूल कोठे अडते ते पाहिले आणि मग साधन योजले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हाही मुलांच्या अवतीभवती जे मिळेल त्यातूनच शिक्षणाची साधने उभी केली. शिंपला असो की पडदा, कसोटी एकच : त्याने मुलाचे मन कामास लागते की नाही?

चित्रफितीविषयीही रिचर्ड मेयर यांच्या अभ्यासातून काही उपयुक्त नियम मिळतात. केवळ शब्दांपेक्षा शब्द व चित्र यांची जोड सर्वसाधारणपणे अधिक उपयोगी पडते. आणि सलग चालणाऱ्या चित्रफितीपेक्षा लहान लहान भागांत, थांबत थांबत दाखविलेली चित्रफीत अधिक समजते. म्हणजे पडद्यावरील सर्वांत मोलाची कळ कोणती, तर थांबविण्याची.

सुधारलेल्या पाठाचे टाचण

गट मोडून मी तोच घटक पुन्हा घेतला. टाचण पुढीलप्रमाणे होते.

इयत्ता : चौथी. विषय : गणित. घटक : पाव, अर्धा, पाऊण. वेळ : ३५ मिनिटे.
साहित्य : प्रत्येकास कागदाचा एक चौकोन, दोघांत वीस चिंचोके, पाटी, दूरदर्शन संच.

१. पूर्वज्ञान (५ मिनिटे) : पडदा बंद. अर्धी भाकरी आणि पाव भाकरी पाटीवर काढणे. कोणी काय काढले ते शिक्षकाने फिरून पाहणे.

२. कृती (१० मिनिटे) : कागदाची दोनदा घडी घालून चार समान भाग करणे. मग आठ चिंचोक्यांचे चार समान वाटे करणे. ‘एक वाटा म्हणजे पाव, तीन वाटे म्हणजे पाऊण’ हे मुलांच्या तोंडून येऊ देणे.

३. चित्रफीत (७ मिनिटे) : उत्तर दिसण्यापूर्वी थांबविणे. प्रत्येकाने आपले उत्तर मुकाट्याने पाटीवर लिहून पाटी उंच धरणे. मगच पुढील भाग दाखविणे. एका सुरात उत्तर घेऊ नये.

४. आठवून करणे (८ मिनिटे) : पडदा बंद, चिंचोके पिशवीत. ८, १२ आणि २० यांचे पाऊण किती ते पाटीवर लिहिणे. (उत्तरे : ६, ९, १५)

५. एकमेकांस सांगणे व गृहपाठ (५ मिनिटे) : ‘पाऊण कसे काढलेस?’ हे शेजाऱ्यास सांगणे. गृहपाठ : पाव किलो साखर म्हणजे किती ग्रॅम आणि पाऊण तास म्हणजे किती मिनिटे, हे घरी विचारून व समजावून घेऊन येणे.

तीन दिवसांनी पूर्वसूचना न देता पुन्हा तोच प्रश्न निराळे आकडे घालून विचारला. चौदांपैकी अकरा मुलांची उत्तरे बरोबर आली. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. मुलांनी तो घटक दुसऱ्यांदा ऐकला होता, म्हणून थोडी सुधारणा आपोआपही झाली असेल. परंतु या खेपेस कोणत्या तीन मुलांस येत नाही हे मला नावानिशी माहीत होते. पहिल्या खेपेस ते पाठ संपताना मुळीच माहीत नव्हते. माझ्या दृष्टीने खरी प्रगती ही होती.

त्या मुलाचे काय झाले?

त्यास मी मधल्या सुट्टीपूर्वी रोज दहा मिनिटे जवळ घेऊन बसू लागले. आधी तो बोलेल ते वाक्य मी लिहावे आणि त्याने ते वाचावे. पहिले वाक्य होते : ‘आजोबांनी चिंचोके भाजले.’ ते त्याचेच असल्याने जोडाक्षर नसूनही असल्यासारखी मेहनत त्याने केली नाही, सहज वाचले. मग ‘गव्हाच्या पिठात मुंग्या झाल्या’ असे वाक्य आले आणि जोडाक्षरांशी झटापट सुरू झाली. टॅब्लेटचाही उपयोग झाला. त्याचे वाचन ध्वनिमुद्रित करून त्यालाच ऐकविले, तेव्हा कोठे अडखळलो हे तो स्वतःच सांगू लागला. येथे पाहणे, ऐकणे, बोलणे आणि हाताने लिहिणे ही चारही एकत्र आली. कोणते त्याचे आणि कोणते परके, हा प्रश्नच उरला नाही.

माझा आंतरवासितेचा काळ संपला तेव्हा तो अस्खलित वाचू लागला होता असे सांगितले तर ते खोटे होईल. चार-पाच ओळींचा सोपा उतारा तो थांबत थांबत वाचू शके. निघण्याच्या दिवशी त्याच्या वाचनाची वही मी वर्गशिक्षिकांच्या स्वाधीन केली. “मी हाताने शिकणारा” हे वाक्य त्याच्या तोंडून शेवटच्या महिन्यात मात्र एकदाही आले नाही.

समारोप

या अनुभवावरून मी माझ्यापुरते तीन नियम ठरविले आहेत. पहिला, मुलास शैलीचे नाव देऊ नये; त्यास काय येते व काय येत नाही याची नोंद ठेवावी. दुसरा, साधन घटकानुसार निवडावे आणि ते बंद केल्यावर मुलांस काय येते यावरून त्याचे मोल करावे. तिसरा, दाखविण्यात जेवढा वेळ जाईल, निदान तेवढा वेळ मुलांकडून आठवून घेण्यास द्यावा. पुढील वर्षी मला स्वतंत्र वर्ग मिळाला तर भिंतीवरचा पडदा मी अवश्य वापरीन. परंतु तो बंद केल्यावरच माझा खरा पाठ सुरू होईल.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात कोणत्या मुलास कोणते ‘नाव’ पडले आहे? त्या नावामुळे त्याच्याकडून काय करून घेणे आपण सोडून दिले आहे?
२. एका सुरात उत्तर घेण्याऐवजी प्रत्येकाचे उत्तर कळावे यासाठी पाटीचा उपयोग कसा करता येईल?
३. आपल्या इयत्तेतील एक घटक निवडून, चित्रफीत कोठे थांबवावी आणि तेथे कोणता प्रश्न विचारावा, ते लिहा.
४. वीज नसल्यास तोच पाठ कसा घ्याल? तो तसा घेता येत नसेल, तर पाठ आपला की यंत्राचा?